हिच्या मापाचं घर

४ ऑक्टोबर

आलो बुवा एकदाचा! टेम्पोत ड्रायव्हरशेजारी, मांडीवर स्टोव्ह आणि पायांत गादीची वळकटी अशा थाटात निवृत्त तिकीट तपासनीस आज स्वतःच्या जमिनीवर उतरला. जन्मभर हलत्या डब्यांतून लोकांच्या मागे फिरलो. आता न हलणारं घर बांधायचं आणि त्याच्या पायरीवर बसून समोरचे डोंगर बघायचे, बस्स.

ही रोजनिशी हिच्या हुकमावरून. ही म्हणजे आमच्या सौभाग्यवती. घर पुरं होईपर्यंत ही आमच्या चिरंजिवांकडे राहणार आहे, आणि इथे रोज काय घडलं ते हिला मागाहून वाचायचंय. फोनवर मी अर्धं गाळून सांगतो असा हिचा आरोप आहे. तो खराच आहे.

जागा मी समजत होतो त्याहून छान निघाली. गाडीरस्ता खालच्या दुकानापाशी संपतो. तिथून पायवाटेने वर आलं की झाडांच्या मधोमध ताटासारखी सपाट जागा. कोणीतरी पूर्वी इथे घर बांधायला घेतलं होतं. दगडी जोतं तयारच आहे आणि त्यावर एक लाकडी खांब अजून ठणठणीत उभा आहे. जमीन विकणाऱ्याने याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. असली आयती गोष्ट कोणी फुकट का देईल, हे कोडं मला सुटलेलं नाही.

हवा मात्र अशी, की छाती आतून धुतल्यासारखी वाटते. हेच तर हवं होतं. शहरातल्या धुराने हिला खोकल्याची उबळ येते ती थांबत नाही, आणि जिने चढून चढून गुडघे कामातून गेलेत. आणखी एक-दोन हिवाळे शहरातच काढलेत तर मी हमी देणार नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. हे हिला माहीत नाही. (वाचशील तेव्हा रागावू नकोस.) म्हणून हा सगळा खटाटोप: जिना नसलेलं, धूर नसलेलं, हिच्या उंचीचं घर. ही माझ्या खांद्याला लागते, तेही टाचा उचलल्यावर. वरच्या फळीवरचा डबा काढायचा तर मला हाका मारते आणि मी ऐकू न आल्याचं सोंग करतो.

७ ऑक्टोबर

सुतार आला. बरोबर दोन मदतनीस. माणूस माझ्याच वयाचा, कमी बोलणारा. समोरचा विनातिकीट आहे असं धरून चालायची मला खोड आहे, तेव्हा पहिला दिवसभर मी त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवली. लाकूड चांगलं आणलंय. खिळेसुद्धा नवे आहेत. जरा निराशाच झाली.

त्याची काम करायची रीत मजेशीर आहे. भिंती, छप्पर टेपने मोजतो, पण आतलं घर टेपने बांधत नाही. घरात जी बाई वावरणार तिला अनवाणी उभं करायचं, शेजारी एक जाड लाकडी पट्टी धरायची आणि तिच्यावर खाचा पाडायच्या: गुडघा, कंबर, कोपर, खांदा, डोकं आणि शेवटी वर केलेल्या हाताची बोटं. कोपराच्या खाचेवरून ओटा, खांद्यावरून दाराची कडी, बोटांवरून सगळ्यात वरची फळी. घर झालं की तीच पट्टी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी ठोकून द्यायची, म्हणजे पुढेमागे दुरुस्ती निघाली तर कोणाचंही काम त्याच मापाने होतं. त्याच्या बापानेही अशीच घरं बांधली म्हणे. एका बाईचं माप एकदाच घ्यायचं आणि एका घरात एकच पट्टी, हा नियम.

मी एकदम खूश. हिला फोन केला. ही म्हणाली, जन्मात पहिल्यांदा कोणीतरी मला विचारून ओटा बांधतंय, सुताराला माझ्याकडून चहा पाजा. रविवारी चिरंजीव हिला माप द्यायला घेऊन येणार.

संध्याकाळी चहा-साखरेसाठी खाली दुकानात गेलो. दुकान चालवणाऱ्या मावशी गप्पिष्ट आहेत. घर नक्की कुठे बांधताय, म्हणून विचारलं. जोत्यावर, म्हटल्यावर पुडीला दोरा गुंडाळता गुंडाळता त्यांचा हात थांबला. त्याच जोत्यावर कशाला, एवढी जागा पडलीय, म्हणाल्या. दगड आयते आहेत म्हणून, मी म्हणालो. त्यावर त्या बाहेर रस्त्याकडे बघत बसल्या. तिकीट नसलेला माणूस असाच खिडकीबाहेर बघतो. माझा अंदाज, त्यांचाही जागेवर डोळा असणार.

१६ ऑक्टोबर

रविवारी ही आली नाही. खोकला वाढला, प्रवास झेपणार नाही म्हणाली. सुताराला म्हटलं, आठवडाभर दम धर, तोवर मी छपराच्या पत्र्यांचं बघून येतो.

आज पत्रे घेऊन परतलो तर आतल्या चौकटी कापून तयार! सुतार म्हणतो, माप झालं की. मी विचारलं, कोणाचं? तो म्हणाला, बाईंचं, तुम्ही गेलात त्याच दिवशी त्या आल्या, मागच्या रानातल्या वाटेने. मी इथली मालकीण, म्हणाल्या, आणि खांबाला पाठ लावून उभ्या राहिल्या.

मी तिथूनच हिला फोन लावला. ही त्या दिवशी डॉक्टरांकडे रांगेत बसली होती. सूनबाईंनीही तेच सांगितलं. सुताराला हे सुनावलं आणि विचारलं, मग कोण आली होती? उंच होत्या, एवढंच तो म्हणाला. माझी बायको उंच! तळपायाची आग मस्तकात गेली. मला शेंडी लावायला निघालाय. आठवडाभर हात बांधून बसायचा कंटाळा आला असणार, मग स्वतःच्या बायकोला उभं केलं असणार खांबाशी आणि आता मालकिणीची गोष्ट रचतोय.

मी खडसावलं, सगळं हातभर खाली घे. तो मान हलवत होता. दंड भरतो, पुढच्या स्टेशनवर भरतो, असं म्हणणारे प्रवासी हलवतात तशी.

६ नोव्हेंबर

भिंती उभ्या राहिल्या, छप्पर चढलं. लाकडाचा वास घरभर. खिडकीतून तिन्ही बाजूंचे डोंगर दिसतात. हिची खुर्ची कुठे ठेवायची तेही मी ठरवून टाकलं.

पण ओटा माझ्या छातीला लागतो. माझ्या! हिला तर त्यावर काय ठेवलंय तेही दिसायचं नाही. दाराची कडी माझ्या कपाळासमोर येते आणि वरची फळी माझ्याही हाताला लागत नाही. सुताराला पुन्हा झापलं. पट्टीप्रमाणे आहे, म्हणतो. पट्टी बदल, म्हटलं. एका घराला दुसरी पट्टी होत नाही, म्हणतो, आणि रंधा मारायला लागतो. दोन्ही मदतनीस माझ्याकडे बघायचं टाळतात. यात कुठेतरी पाणी मुरतंय. हे घर हा दुसऱ्याच कोणासाठी तर बांधत नाही? मी पाठ फिरवली की इथे गिऱ्हाईक येऊन घर बघून जात असेल.

आज मुद्दाम खाली जातो सांगून निघालो आणि झाडांआडून दोन तास पाहत बसलो. कोणी आलं नाही. सर्दी तेवढी झाली.

सगळं उखडून परत करायचं तर हिवाळा गाठेल. हिचा खोकला फोनवर ऐकवत नाही. शेवटी एक भक्कम लाकडी ठोकळा करून घेतला. त्यावर उभी राहून करील स्वयंपाक.

१६ नोव्हेंबर

घर पुरं झालं. सुतार हत्यारं आवरून गेला, एक करवत विसरून.

जायच्या आधी त्याने पट्टी ठोकली. स्वयंपाकघराच्या दाराशी जमिनीपासून तुळईपर्यंत उभी, काळपट, लोखंडासारखी टणक. मी तिच्याशेजारी पाठ लावून उभा राहिलो. डोक्याची खाच माझ्या डोक्याच्याही वर जाते. सुताराच्या बायकोला मी मागच्या आठवड्यात दुकानात पाहिलं, ती हिच्यापेक्षाही बुटकी आहे. म्हणजे ती नव्हती.

आणखी एक. झोपायच्या खोलीत खाट एकच केलीय, लांबलचक आणि अरुंद. खुंटी एक. खिडकीपाशी बसायचं बाकडंही एका माणसाचं. आम्ही दोघं आहोत हे मी शंभरदा सांगितलं होतं. सुतार म्हणाला, बाई म्हणाल्या एकीचंच करा. मी त्याला अद्वातद्वा बोललो. बिचारा खालमानेने निघून गेला आणि मला उगाच वाईट वाटलं.

१८ नोव्हेंबर

ही आली!! चिरंजिवांनी अर्धी वाट हात धरून आणि उरलेली पाठीवर घेऊन वर आणलं. मुलाच्या पाठीवरून हिने घर पाहिलं आणि रडायलाच लागली. मीही. चिरंजीव मोबाइल काढून डोंगरांचे फोटो घेत उभे राहिले, म्हणजे आम्हाला बघायला नको.

मग ओटा पाहिला आणि जे हसायला लागली! ओट्यामागे उभी राहिली तर फक्त डोळे आणि अंबाडा दिसत होता. म्हणाली, तुम्ही माझ्यासाठी बांधलंत की तुमच्या मनातल्या कुणासाठी? ठोकळ्यावर चढून चहा केला. पट्टीपाशी उभी राहिली तर हिचं डोकं खांद्याच्या खाचेच्याही खाली. सुताराची गंमत मी सांगितली, तेव्हा म्हणाली, तुमचं आपलं दिसेल त्याचं तिकीट बघायचं, चुकला असेल बिचारा. खाट हिने घेतली. माझी गादी पुढच्या खोलीत.

चिरंजीव परत गेले. आज दिवसभरात खोकली नाही.

२५ नोव्हेंबर

खोकला गेला. पुरता गेला. सकाळी दार उघडून ही बाहेर उभी राहते आणि मोठमोठे श्वास घेते. गुडघेही दुखत नाहीत म्हणते. काल बाहेरच्या बंबासाठी सरपणाची मोळी स्वतः उचलून आणली. मी कोणाचे आभार मानावेत कळत नाही. लाकडाला हात लावून बसलो होतो नुसता.

टॉर्च अडकवायला काल पट्टीवर एक खिळा मारला, खांद्याच्या खाचेपाशी. लाकूड इतकं टणक की हातोडीचे दहा-बारा घाव घालावे लागले. आज सकाळी पाहतो तर हिच्या खांद्यावर काळानिळा डाग, मधोमध रक्ताचा ठिपका. विचारलं तर म्हणाली, कुठेतरी लागलं असेल, काल दुपारी एकदम कळ आली खरी. कुठेतरी म्हणजे कुठे? काल दुपारी खिळा मारून झाल्यावर मी सरपण गोळा करायला मागे गेलो होतो आणि दार उघडं होतं. मी नसताना घरात कोण येतं?

आता जाताना बाहेरून कडी लावून जातो. बाहेर पायरीवरून हात पुरत नाही, दगडावर चढावं लागतं.

३० नोव्हेंबर

ठोकळ्यावर हिने कुंडी ठेवलीय.

मी विचारलं, मग चहा कशावर उभी राहून केलास? ही म्हणाली, जमिनीवर, आणखी कशावर. मला वाटलं, सुतार गुपचूप येऊन ओटा कापून गेला. जाऊन उभा राहिलो. ओटा अजूनही माझ्या छातीलाच लागतो.

हिने स्वतः विणलेला स्वेटर आज घातला होता. बाह्या मनगटाच्या बऱ्याच वर. धुऊन आटला, म्हणाली. अजून एकदाही धुतलेला नाही तो.

३ डिसेंबर

माझ्या कपाळाला काजळी लागली होती. ही पुढे आली आणि पदराने पुसली. टाचा उचलल्या नाहीत. हात ताणावाही लागला नाही.

संसारात इतकी वर्षं गेली, मी हिच्या डोळ्यांत बघायचं तर मान खाली घालायचो. आज मान सरळ होती माझी. हिला काही जाणवत नाही का? विचारलं तर हसली आणि म्हणाली, तुम्ही वाकायला लागलात, म्हातारे झालात. तेवढ्यापुरतं पटलं. माणसाला पटवून घ्यायचं असलं की काय पटत नाही!

चिरंजिवांना फोन केला. आईचे गुडघे बरे झाले याचा आनंद करायचा सोडून बाबा हे काय, म्हणाले.

५ डिसेंबर

दुकानात जाऊन मावशींना धरलंच. आता खिडकीबाहेर बघू दिलं नाही.

त्या जोत्यावर एक बाई घर बांधत होती, मावशी सांगू लागल्या. उंच, शांत. नवऱ्याने घर अर्धवट टाकलं, गाडी पकडून गेला तो आला नाही. बाई हलली नाही. त्या खांबाला पाठ लावून उभी असायची. लोक म्हणायचे नवऱ्याची वाट बघते. मावशींनी एकदा विचारलं, तेव्हा ती म्हणाली, त्याची कशाला, घर पुरं व्हायची वाट बघते. एका पावसाळ्यानंतर वाट मोकळी झाली तेव्हा लोक वर गेले. खांबाशीच होती. उभीच.

मी विचारलं, मला आधी का नाही सांगितलंत? मावशी म्हणाल्या, तुम्ही ऐकलं असतंत?

नसतं ऐकलं. जागा हडपायला भुतं उभी करतात, असं म्हणालो असतो.

८ डिसेंबर

हिला खाली न्यायचं ठरवलं. दात दाखवायला, म्हणालो. तयार झाली, केस विंचरले, चप्पल शोधली. चप्पल पायात जाईना. माझे बूट घातले.

फाटकापर्यंत बरी होती. पहिल्या वळणावर गुडघे धरले. दुसऱ्या वळणावर खोकला, तोच जुना, छाती फाडणारा. ओठ निळे पडले. बसली आणि लहान मुलासारखी रडली, म्हणाली, मला घरी न्या.

परत वर. जोत्यावर पाय ठेवताच श्वास मोकळा. मी मात्र पायरीवर बसून राहिलो.

१० डिसेंबर

सुताराला फोन. या वेळी ओरडलो नाही, विनवलं. ती बाई आणखी काय बोलली होती?

म्हणाला, थंडीत अनवाणी आली होती, अंगाला ओल्या मातीचा वास. जाताना एवढंच म्हणाली, या खेपेला अर्धवट टाकू नका. त्याला वाटलं, मी काम रेंगाळवतोय म्हणून मालकीण चिडलीय.

मी विचारलं, पट्टी कापून हिच्या मापाची केली तर? तो जवळजवळ किंचाळला. पट्टीला हात लावू नका, मी वीस तारखेला येतो, तोवर काहीही करू नका.

का करू नको? एवढा का घाबरला? ज्याच्या पोटात काही नाही तो किंचाळत नाही. तो तिच्याच बाजूचा आहे. पहिल्यापासून.

१३ डिसेंबर

आज चहा देताना तिने विचारलं, तुमची गाडी कितीची आहे?

मी हसलो. ती हसली नाही. पाहुण्याला विचारतात तसं, आपुलकीने विचारलं होतं.

आता पट्टीपाशी उभी राहते. पाठ लावून. डोकं बरोबर डोक्याच्या खाचेत.

१५ डिसेंबर

चिरंजिवांचा फोन तिने घेतला. तुमची आई इथे नसते, असं गोड आवाजात सांगून माझ्या हातात दिला. पलीकडे चिरंजीव हसत होते. आई मजेत आहे, म्हणाले. रविवारी डॉक्टरांना घेऊन येतात.

रविवार लांब आहे.

अहो म्हणत नाही आता. काहीच म्हणत नाही मला. वरच्या फळीवरचा डबा नुसता हात वर करून काढते. मी हाक ऐकायला स्वयंपाकघरात थांबतो, उगाच. एकदा तरी मारील म्हणून.

१७ डिसेंबर

माझी बॅग दाराशी भरून ठेवलीय. कपड्यांच्या घड्या हिच्यासारख्याच.

उद्या अंधार पडायच्या आत निघा, म्हणाली, वाट चांगली नाही.

मी गेलो की घर तिचं. मग ही कुठे जाईल? ही आत आहे कुठेतरी. घड्या हिच्या होत्या. मी ओळखतो.

जाणार नाही.

१८ डिसेंबर

दुपार. ती जेवून खाटेवर पडलीय. झोपेत पाय खाटेच्या टोकाला टेकतात.

ठरलं. पट्टीने हिला वर ओढलं, पट्टीच हिला खाली आणील. सुताराची करवत आहे. वरून कापता येत नाही, तुळई आड येते. खालून कापायची. हातभर कापली की डोक्याची खाच बरोबर हिच्या डोक्यावर येते. पेन्सिलीने खूण केली. गुडघ्याच्या खाचेच्या जरा खाली.

सुरू करतो —

लाकूड करवतीला दाद देत नाही. पाव झाली. हाताला रग लागलीय म्हणून थांबलो, तेवढ्यात लिहितो. आतून हाक आली.

अहो, म्हणाली.

अहो! लागू पडलं! उतरतेय ती —

पुन्हा थांबलो. आत धप्पकन आवाज झाला. खाटेवरून पडली असेल. रडतेय. माझे पाय, म्हणतेय, अहो, माझे पाय बघा हो काय झालंय. थांबा म्हणतेय. काय करताय ते थांबवा.

आवाज हिचाच आहे. खोकल्यासकट.

इतका हिचा कसा? परवापर्यंत मला ओळखत नव्हती, आणि करवत लावताच ओळखते? मला थांबवायचं असेल तर ती याच आवाजात बोलणार. पकडला गेलेला असाच गयावया करतो, आई-बापाच्या शपथा घालतो. मी जन्मात कधी फसलो नाही. आता फसायचं नाही.

अर्धी झाली.

भुसा ओला येतोय. इतकं वाळलेलं लाकूड आणि ओला भुसा? लाल नाही. नीट पाहिलं. लाल नाही, ओलाव्याने तसा दिसतो —

सरपटत येतेय. हातांवर. दारापर्यंत आली. वर बघतेय माझ्याकडे. मला मान खाली घालावी लागतेय, पहिल्यासारखी. डोळे हिचेच —

बघायचं नाही. बघितलं तर हात थांबेल.

बोटभर राहिलीय. पायाला हात लावून नको म्हणतेय. ही की ती, पट्टी तुटली की कळेल. मग हिला पाठीवर घेईन आणि खाली दुकानापर्यंत